माळ्यावर उंदराची पिल्ले सापडली, आई पळाली. काय करू?

पडवीतून | बुधवार, संध्याकाळी ५:५०

घाईत लिहिते आहे. आमचे घर फोंडा तालुक्यात, जुने, मंगळुरी कौलांचे. रविवारी चवथ (गणेश चतुर्थी), म्हणून आज माळ्यावरून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगायची, चौकट खाली काढली. तिच्यामागे गेल्या वर्षीच्या मखराचे पुठ्ठ्याचे खोके होते. ते ओढले तशी आतून उंदराची मादी उडी मारून वाश्यावरून पळाली. खोक्यात कुरतडलेल्या कागदाचे घरटे आणि त्यात पाच पिल्ले. गुलाबी, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. एकेक काजूगराएवढे.

खोके पडवीत आणून ठेवले आहे. बाहेर पाऊस लागलाय. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आवय येतली तांची." नऊ वर्षांचा मुलगा खोक्यापाशी बसून आहे, उठायला तयार नाही. घरात गाईचे दूध आहे, औषधाचा ड्रॉपर आहे. देऊ का? कोणी वाढवली असतील तर लवकर सांगा.

खारुताई_म्हापसा | बुधवार, संध्याकाळी ६:०५

ताई, दूध देऊ नका. अजिबात नाही. आधी पिल्लांच्या अंगाला हात लावून बघा, गार लागतात का? गार पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही, पोटात तसेच राहते आणि पिल्लू जाते. मी खारीची पिल्ले वाढवली आहेत, दोनदा उंदराचीही. माझे पहिले पिल्लू याच चुकीने गेले, म्हणून आधी हेच लिहिते.

आता करायचे ते असे. उकडे तांदूळ दोन मुठी कोरड्या तव्यावर गरम करा, जाड मोज्यात भरा, गाठ मारा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, ऊब लागली पाहिजे, चटका नको. खोक्याच्या एका अर्ध्या भागाखाली तो मोजा ठेवा, दुसरा अर्धा मोकळा. पिल्लांना मूळ घरट्याच्या कागदासकट त्या उबेवर ठेवा. कापूस घालू नका, त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पाय सुजतो. टिश्यू पेपर चालेल.

मग पोट बघा. पिल्लाच्या डाव्या कुशीला, बरगड्यांच्या खाली, कातडीतून पांढरा पट्टा दिसतो का? ते आईचे दूध. पट्टा असेल तर काही तास तरी भुकेची काळजी नाही.

पडवीतून | बुधवार, संध्याकाळी ६:४०

मोजा ठेवला. पाचही गार होती, आता हळूहळू हलू लागली आहेत. पांढरा पट्टा चौघांना स्पष्ट दिसतो, एकाला अगदी पुसट.

खारुताई_म्हापसा | बुधवार, संध्याकाळी ६:५०

मग तुमच्या सासूबाईंचे खरे. आई येईल. खोके जिथे होते तिथेच माळ्यावर परत ठेवा, खाली नवा गरम मोजा ठेवून. दिवा बंद, माळ्यावर कोणी जायचे नाही, मांजर असेल तर कोंडा. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण उंदराची आई बहुधा तसे करत नाही. ती पिल्ले एकेक करून तोंडात धरते आणि दुसऱ्या जागी नेते.

ऊब देण्याचे आणखी एक कारण आहे. पिल्ले आईला हाका मारतात, आपल्या कानाला ऐकू येत नाहीत इतक्या उंच पट्टीत, पण तिला येतात. फार गारठलेले पिल्लू हाक मारत नाही. गप्प आणि थंड पिल्लू आईला मेलेले वाटते, ती त्याला सोडून जाते. म्हणून रात्री एक-दोनदा मोजा बदला, पटकन, टॉर्च न रोखता.

सत्तरीचा_बागायतदार | बुधवार, रात्री ८:१५

वाचून राहवले नाही म्हणून लिहितो, राग मानू नका. आमच्याकडे सरद (पावसाळी) शेतीचे भात उभे आहे. उंदीर आणि घुशी मिळून किती खातात ते बांधावर उभा राहणाऱ्यालाच कळते. त्याहून वाईट म्हणजे लेप्टो. आमच्याकडे काम करणारा माणूस एका पावसाळ्यात चिखलात अनवाणी काम करून तापाने पडला, डोळे पिवळे झाले, महिनाभर उठला नाही. तो वाचला, पण त्याच्या घरच्यांचे ते दिवस मी पाहिले आहेत. आणि इथे नऊ वर्षांचा मुलगा त्या खोक्यापाशी बसलाय. पिल्लांची दया मलाही येते. पण मुलगा आधी.

निवृत्त_पशुवैद्य | बुधवार, रात्री ८:४०

बागायतदारांचे म्हणणे बाजूला सारण्यासारखे नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशींच्या लघवीतून येतात आणि कातडीवरच्या जखमेतून, भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतात. गोव्यात पावसाळ्यात हा आजार दिसतोच. घरातला लहान उंदीरही त्याचा वाहक असू शकतो.

तेव्हा, ताई, पिल्ले हाताळताना प्रत्येक वेळी हातमोजे. हाताला चीर असेल तर दुसऱ्याने हाताळावे. खोके स्वयंपाकघरात नको. घरट्याचा जुना कागद झाडताना आधी ओला करा, धूळ उडवू नका. नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने लांब राहावे. मुलाला बघू द्या, हात लावू देऊ नका. पुढच्या महिनाभरात कोणाला अंगदुखीसह ताप आला तर डॉक्टरांना उंदरांचा संबंध आला होता हे न विसरता सांगा, म्हणजे निदान लवकर होते.

पेडण्याचा_विद्यार्थी | बुधवार, रात्री ९:२०

ही चिचुंद्रीची पिल्ले नाहीत ना? आमच्या न्हाणीघरात तीच असतात.

खारुताई_म्हापसा | बुधवार, रात्री ९:३५

चिचुंद्रीचे तोंड पिल्लू असल्यापासून लांब, सोंडेसारखे पुढे आलेले असते. ती उंदरांच्या कुळातलीही नाही, किडे खाते. तिची पिल्ले जरा मोठी झाली की एकमेकांच्या शेपटीच्या बुडाला तोंडाने धरून आईमागे रांगेने चालतात, तुम्ही पाहिले असेल. आणि घुशीचे किंवा मोठ्या उंदराचे पिल्लू जन्मतःच पाचेक ग्रॅमचे असते. काजूगराएवढे म्हणजे दीड-दोन ग्रॅम, तेव्हा हा घरातला लहान उंदीरच. कान अजून चिकटलेले आहेत म्हणजे वय तीन दिवसांच्या आसपास. कान तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुटतात.

पडवीतून | गुरुवार, सकाळी ६:१५

आई आली होती! रात्री एकला मोजा बदलायला गेले तेव्हा खोक्यात तीनच पिल्ले. पहाटे साडेचारला दोन. वर वाश्याच्या टोकाला, कौलाखाली, खसखस ऐकू येते. तिने तिथे नवे घरटे केले असावे.

पण दोन राहिली आहेत. त्यानंतर माझा डोळा लागला, मोजा थंड पडला. ती दोन्ही गार आहेत. त्यातले एक तेच, पुसट पट्ट्याचे. परत उबेला ठेवली आहेत. आता पट्टा कोणालाच दिसत नाही.

खारुताई_म्हापसा | गुरुवार, सकाळी ६:३०

तीन गेली हे किती चांगले झाले. तुमचा डोळा लागला त्याचे मनाला लावून घेऊ नका, चवथीच्या आदल्या आठवड्यात कोणत्या बाईला झोप मिळते?

दोघांना ऊब देऊन आजचा दिवस माळ्यावरच ठेवता आले असते, पण पोट रिकामे आहे आणि आई दिवसा फारशी हलायची नाही. आता पाजावे लागेल. अंग पूर्ण गरम झाल्यावरच. पहिल्या दोन वेळा फक्त कोमट ओआरएस. मग दूध.

मडगावची_मावशी | गुरुवार, सकाळी ७:१०

आम्ही लहानपणी गाईच्या दुधात पाणी घालून मांजरीची पिल्ले वाढवायचो. तसे नाही का चालणार?

निवृत्त_पशुवैद्य | गुरुवार, सकाळी ७:४५

मावशी, गाईचे दूध उंदराच्या दुधापेक्षा फार पातळ असते, त्यातली साखर पिल्लाला सोसत नाही. जुलाब होतात, आणि दीड ग्रॅमच्या जिवाला एकदा जुलाब झाले की पाणी भरून काढायला वेळच मिळत नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात विचारा. ती हाती येईपर्यंत शेळीचे ताजे दूध, उकळून कोमट केलेले.

ड्रॉपर नको, त्याचा एक थेंब या नाकपुड्यांसाठी पूर आहे. मुलाच्या चित्रकलेच्या पेटीतला सर्वांत बारीक ब्रश घ्या, नवा असला तर उत्तम, उकळत्या पाण्यातून काढा. पिल्लू पोटावर, बसल्यासारखे धरायचे. उताणे कधीही नाही. ब्रशचे टोक ओठाला टेकवा, ते चाटेल. एका वेळी वजनाच्या पाच टक्के, म्हणजे दीड-दोन ग्रॅमच्या पिल्लाला जेमतेम दीड-दोन थेंब. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा.

नाकातून दुधाचा बुडबुडा आला की लगेच थांबा, डोके किंचित खाली करा, नाक टिपा. दूध फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. हाताने वाढवलेली पिल्ले भुकेने कमी, याने जास्त जातात.

खारुताई_म्हापसा | गुरुवार, सकाळी ८:००

डॉक्टरकाकांनी एक लिहायचे ठेवले, ते मी लिहिते. पाजण्याआधी आणि नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पोटाखालून शेपटीकडे अगदी हलके पुसायचे. आई हे काम जिभेने करते. तसे केल्याशिवाय एवढ्या लहान पिल्लाला लघवी होत नाही, शी होत नाही, पोट फुगते. डोळे उघडेपर्यंत हे करायचे. शी मोहरीच्या रंगाची झाली तर सगळे ठीक चालले आहे असे समजा.

आणि वजन. स्वयंपाकघरातला काटा एवढे सूक्ष्म दाखवत नाही. ओळखीचा सोनार असेल तर दागिन्यांचा छोटा काटा चार दिवस मागून आणा.

पेडण्याचा_विद्यार्थी | गुरुवार, सकाळी ११:३०

आमच्या शेजारी चिकट फळी लावतात, एका रात्रीत आई आणि बाकीचे सगळे सापडतील. नुसते सुचवतोय.

सत्तरीचा_बागायतदार | गुरुवार, दुपारी १२:१०

ते नको. मी उंदीर मारणारा माणूस आहे, तरी सांगतो. फळीवर जनावर मरत नाही, दोन-दोन दिवस तडफडते. आई अडकली तर वरची तीन पिल्ले घरट्यात उपाशी मरतात आणि वास येतो तो वेगळा. विषही मी बंद केले. विषाने उंदीर लगेच मरत नाही, गुंगीत हिंडतो, त्याला गव्हाणी घुबड उचलते आणि ते घुबडही जाते. आमच्या मांगरात (शेतावरच्या खोपीत) घुबडांची जोडी आहे. तिच्याइतके उंदीर मी जन्मात पकडले नसतील.

पडवीतून | शुक्रवार, रात्री २:०५

दोघेही पितात! मोठे जोरात, छोटे ब्रशच्या टोकाला नुसते तोंड लावून थांबते, मग एकदम चाटते. सोनाराकडून काटा मिळाला. मोठे २.१ ग्रॅम, छोटे १.६. शेळीचे दूध शेजारच्या वाड्यावरून येते, पावडर उद्या नवरा पणजीहून आणतो आहे. दुपारी वीज गेली तेव्हा फेणीची रिकामी बाटली गरम पाण्याने भरून टॉवेलात गुंडाळली, मोज्यापेक्षा जास्त वेळ टिकली. हातमोजे घालूनच सगळे करते. मुलगा वहीत वेळा मांडतो, हात लावत नाही.

पडवीतून | रविवार, रात्री ११:५०

आज चवथ. सकाळी पूजा, नैवेद्य, माणसे. दर दोन तासांनी मी मधल्या खोलीत जात होते. जावेला कळले तेव्हा तिने पातोळ्यांचे काम स्वतःकडे घेतले. संध्याकाळी घुमट (मातीचे वाद्य) वाजवत आरतीला वाड्यातली मुले आली, घर दणाणून गेले. पिल्ले घाबरली असतील का याचीच धास्ती होती. मोठ्याचे कान आता उभे आहेत, पाठीवर राखाडी लव आली आहे, वजन ३.४. छोटे २.० वर अडकले आहे.

निवृत्त_पशुवैद्य | सोमवार, सकाळी ७:००

घुमटाची काळजी नको. कान उभे राहिले तरी कानाची आतली वाट दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत बंद असते. धक्के जाणवत असतील, आवाज नाही. वरच्या आईला मात्र तो ऐकू येतो, म्हणून माळ्याखाली आज शक्य तितकी शांतता ठेवा.

छोट्याचे वजन तीन दिवसांत एवढेच वाढणे चांगले लक्षण नाही. त्याला दर दीड तासाने पाजा, पण प्रमाण वाढवू नका. श्वास घेताना टिकटिक असा आवाज येतो का ते कानाजवळ धरून ऐका.

पडवीतून | मंगळवार, पहाटे ५:२०

छोटे गेले. टिकटिक येत होती. काल दुपारी नाकाशी एकदा बुडबुडा आला होता, मी लगेच पुसले होते, वाटले निभावले. माझा हात थरथरत होता, पाहुणे जेवायला बसले होते आणि मी घाई केली. मुलाला सांगितले. त्याने माटोळीतली एक सुपारी मागितली, मी दिली. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला पुरून त्याच्यावर ती ठेवून आला.

मडगावची_मावशी | मंगळवार, सकाळी ८:३०

बाय, घरात गणपती असताना रात्ररात्र उठून तू हे करतेस. दुसऱ्याकडे बघ आता. एकटे पडले आहे ते.

खारुताई_म्हापसा | मंगळवार, सकाळी ९:००

मावशींनी बरोबर हेरले. भावंडाची ऊब गेली. मऊ कापडाची सुपारीएवढी गुंडाळी करून त्याच्या अंगाशी ठेवा, ते तिला चिकटून झोपेल. माझ्या दोन्ही वेळी हेच उपयोगी पडले.

पडवीतून | गुरुवार, रात्री १०:३०

आज पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन झाले. पिल्लू अकरा दिवसांचे, ४.६ ग्रॅम. पूर्ण लव आली, रंग मातकट राखाडी, पोट फिके. गुंडाळीला चिकटूनच असते. टाळी वाजली की अंग चोरते, म्हणजे ऐकू यायला लागले. नर की मादी हे कसे ओळखायचे?

निवृत्त_पशुवैद्य | शुक्रवार, सकाळी ७:१५

मादी असेल तर नवव्या-दहाव्या दिवशी, पोटावरची लव दाट होण्याआधी, स्तनाग्रांचे ठिपके दोन ओळींत दिसतात. दिसले नसतील तर बहुधा नर.

पडवीतून | रविवार, दुपारी ३:४०

डोळे उघडले! आधी उजवा, तासाभराने डावा. काळेभोर, मोहरीच्या दाण्यासारखे. ठिपके कधी दिसले नव्हते, तेव्हा नर. डोळे उघडताच त्याने पहिली गोष्ट केली ती ब्रश दोन्ही पुढच्या पायांनी धरला. आता काय खायला देऊ?

खारुताई_म्हापसा | रविवार, संध्याकाळी ५:००

दूध चार तासांनी चालू ठेवा. सोबत दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा, शिजलेली उकड्या तांदळाची दोन शिते, किसलेले गाजर. पाणी उथळ झाकणात. तीन आठवड्यांचा झाला की दूध आपणहून सोडेल. त्यानंतर कोरडे तांदूळ, नाचणी, कधी सुक्या खोबऱ्याचा कीस. मीठ-मसाल्याचे नको. आणि हात लावणे आता कमी करा. त्याला माणसाची भीती वाटली पाहिजे.

सत्तरीचा_बागायतदार | रविवार, रात्री ८:००

अभिनंदन. मनापासून. पण वरची तीन विसरू नका. तीही आता डोळे उघडून बसली असतील.

निवृत्त_पशुवैद्य | सोमवार, सकाळी ७:३०

हा मुद्दा फार महत्त्वाचा, त्याला वेळेचे बंधन आहे. उंदराची मादी व्याल्यानंतर दिवसाभरात पुन्हा माजावर येते. गाभण राहिली तर तीन-चार आठवड्यांत पुढची वीण. आणि आताची पिल्ले पाच-सहा आठवड्यांत स्वतः वीण्याजोगी होतात. तेव्हा आताची तीन खायला लागली आणि पुढची जन्मली नाहीत अशी जी फट आहे, ती वयाच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी येते. त्याच दिवसांत माळा मोकळा करा. आधी केलात तर ही पिल्ले उपाशी मरतील, उशीर केलात तर पुन्हा गुलाबी पिल्ले सापडतील.

सत्तरीचा_बागायतदार | सोमवार, सकाळी ९:१०

तारेचा पिंजरा लावा, चाप नको. आत भाजलेले सुंगट (कोळंबी), त्याच्या वासाला उंदीर थांबत नाही. एकावेळी जास्त धरणारा पिंजरा बाजारात मिळतो. सकाळी लवकर बघा, उन्हात राहू देऊ नका. सोडायचे ते शेतापासून आणि घरांपासून लांब. मग भोके बुजवा. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून उंदीर आत येतो. भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट. कौलांच्या टोकांशी बारीक जाळी. भात आणि कडधान्य पत्र्याच्या पिंपात. एवढे केलेत तर पुढच्या चवथीला खोके रिकामे मिळेल.

पडवीतून | मंगळवार, रात्री ९:००

बावीस-तेविसाव्या दिवशी पिंजरा लावला. दोन रात्रींत चार सापडले, एक मोठा आणि तीन लहान. आई आणि तिची तीनही पोरे असावीत, मोजणी जुळते. डोंगराच्या बाजूला, वस्ती संपते तिथे सोडले. तिसऱ्या आणि चौथ्या रात्री पिंजरा रिकामा. आज गवंडी येऊन वाश्याखालची सात भोके बुजवून गेला.

आमचा मात्र अजून पिंजऱ्यात आहे. दूध सोडले. मुलगा लांबून बघतो. तो जवळ गेला की ते नारळाच्या करवंटीखाली पळते.

पडवीतून | रविवार, संध्याकाळी ७:४५

पाच आठवडे झाले. काल तिन्हीसांजेला त्याची करवंटी, खालच्या कागदासकट, कुळागराच्या वरच्या अंगाला दगडी गडग्याच्या फटीत ठेवली. तिथून घर लांब, शेत त्याहून लांब. बागायतदारदादांना फोटो पाठवून जागा विचारूनच ठेवली. शेजारी मूठभर तांदूळ. ते पाच-सात मिनिटे बाहेरच आले नाही, मग नाक दिसले, मग पुन्हा आत. आम्ही उठून आलो.

आज सकाळी तांदळाचे कुरतडलेले कण होते, करवंटी रिकामी होती. संध्याकाळी पुन्हा मूठभर ठेवून आले. अजून चार-पाच दिवस ठेवीन. सगळ्यांचे ताप-बिप तपासले, कोणाला काही नाही. काटा सोनाराला परत दिला.

सत्तरीचा_बागायतदार | रविवार, रात्री ८:३०

तांदूळ रोज थोडे कमी करत जा, म्हणजे ते स्वतः शोधायला लागेल. गडग्यात धामण असेल, तिचेही घर तेच.

पडवीतून | रविवार, रात्री ८:५०

हो. मुलाला तेही सांगितले आहे.